बिनदाराची खोप

आक्का,

काल तुझ्या अंगणात घोंगडी अंथरून माणसं बसली होती. त्यातला एकजण तंबाखू मळत म्हणाला, "बिचारी लय साधी बाई. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई." बाकीच्यांनी माना हलवल्या. मी उठलो, पायताण घातलं आणि सरळ बाहेर पडलो. दुखवट्याच्या घरात भांडण करू नये एवढी अक्कल आता मला आली आहे. तीही तुझ्यामुळंच. नाहीतर तिथंच उभा राहून भाषण ठोकलं असतं.

साधी बाई म्हणे! जिनं अख्ख्या गावकमिटीला भर दुपारी मेंढरांच्या वाडग्यापुढं ताटकळत उभं केलं, ती साधी? जिनं माझ्यासारख्या छापील अक्षराच्या घमेंडीत चालणाऱ्याला लेंड्यांत पालथं झोपायला लावलं, ती कुणाच्या मध्यात नव्हती? माणूस गेला की त्याला साधं ठरवायचं, म्हणजे त्यानं काय केलं ते आठवायची कटकट नको. तुझ्या बाबतीत मी ते चालू देणार नाही. म्हणून हे लिहितो आहे.

तुला वाचता येत नव्हतं. असतीस तर म्हणाली असतीस, "मोठ्यानं वाच, आन् मधलं गाळू नगंस." गाळत नाही. माझ्या चुकीसकट सगळं घालतो.

मी विट्याकडचा. बेचाळीसच्या धामधुमीत शाळा सुटली आणि हातात पत्रक आलं. लपूनछपून लिहायचं, कमी शब्दांत लिहायचं, वाचणाऱ्याचं रक्त तापेल असं लिहायचं, हेच माझं शिक्षण. 'जाहीर', 'तात्काळ', 'बंदोबस्त' हे शब्द माझ्या बोटांना असे चिकटले की आईला खुशालीचं पत्र लिहितानाही मी 'तात्काळ कळवावे' लिहायचो. स्वातंत्र्य आलं, मग तुमचं जत संस्थानही विलीन झालं, आणि आम्हा पोरांना वाटलं, आता गावं सुधारायची. मी तुझ्या गावात आलो, मारुतीच्या देवळात पथारी टाकली आणि कामाला लागलो.

त्याच साली गावात एक पिसाळलेलं कुत्रं शिरलं. खालच्या आळीतला एक धडधाकट गडी त्याच्या चावण्यानं हाल हाल होऊन गेला. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळं पत्रक लिहायला बसलो तेव्हा माझं मन खोटं नव्हतं, हे तुला मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. सांगलीच्या छापखान्यातून पिवळ्या कागदावर ते छापून आणलं. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं. चालता चालता मी ते स्वतःशी म्हणायचो:

'ज्या कुत्र्यास धन्याच्या जागेत निवारा नाही, ते मोकाट समजावे व त्याचा तात्काळ बंदोबस्त करावा.'

गावकमिटीचे अध्यक्ष आबा. त्यांना हे वाक्य माझ्याहून जास्त आवडलं. त्यांनी ते ठरावात जसंच्या तसं घातलं. आणि चौथ्या दिवशी शिवेच्या दगडापाशी कुचल्याचं विष घातलेल्या भाकरीचे तुकडे टाकले गेले.

तुझी मेंढरं सकाळी त्याच वाटेनं चरायला निघाली होती. पुढं मेंढरांचा कुत्रा भुऱ्या चालत होता. मेंढरांच्या पुढं चालायचं ते भुऱ्यानंच, हे तुझ्या वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यानं तुकडा खाल्ला, आणि मेंढरं शिवेच्या पलीकडं जाईपर्यंत पाय ओढत चालला. मग पडला.

मला कळलं तेव्हा मी धावत वाडीवर आलो. मनात वाक्यं तयार होती. 'दुर्दैवी घटना', 'सार्वजनिक हित' वगैरे. तू मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या दगडी कुंपणाला टेकून बसली होतीस. रडत नव्हतीस. मी म्हणालो, "तुम्ही कृपया समजून घ्या, तुमचं नुकसान—"

"तुमी, तुमी काय करतोस रं? मी एकलीच हाय हितं. का मागं मेंढरं हायत म्हणून सगळ्यास्नी धरून बोलतोस?"

तिथंच माझं पहिलं वाक्य मेलं. मग तू म्हणालीस, "ते तुझं पिवळं कागूद हाय न्हवं खिशात? काढ. वाच."

मी वाचलं. त्या वाक्याशी आलो तशी तू हात वर केलास.

"परत वाच."

परत वाचलं.

"आनी एकडाव."

तिसऱ्यांदा वाचलं.

"तुझं घर कुठं हाय?"

"विट्याकडं."

"हितं कुठं?"

"इथं देवळात झोपतो."

"म्हंजे धनी न्हाई, निवारा न्हाई. मोकाटच की तू!" असं म्हणून तू हसलीस, आक्का. भुऱ्या पलीकडं घोंगडीखाली होता आणि तू हसलीस. मला बेचाळीसमध्ये पाठीवर बसलेल्या काठ्या आठवतात. त्या परवडल्या, तुझं ते हसणं नको.

नंतर तू मला कागद आणायला लावलास. तुझा बिरू पलटणीत. त्याला पत्र लिहायचं होतं. तू सांगत गेलीस, मी लिहीत गेलो. "ल्ही, भुऱ्या गेला. कसा गेला तेबी ल्ही." लिहिलं. "कुणामुळं गेला तेबी ल्ही." माझा हात थांबला. तू नुसती शाई वाळायची वाट बघितल्यासारखी बसून राहिलीस. मी माझ्या हातानं माझं नाव लिहिलं. इतक्या वर्षांत मी सरकारविरुद्ध किती लिहिलं. स्वतःविरुद्ध लिहिलेला तो पहिला कागद.

आता तुझी गोष्ट पुढं सांगायची तर आधी मेंढरांच्या कुत्र्याची रीत सांगायला हवी. नाहीतर शहरातला वाचणारा म्हणेल, त्यात काय, एक कुत्रंच तर होतं! तुम्हा धनगरांचं पिल्लू डोळे उघडायच्या आत मेंढरांत नेऊन ठेवतात. ते मेंढीचं दूध पितं, कोकरांच्या अंगाला अंग लावून झोपतं. त्याला कुणी मांडीवर घेत नाही, कुरवाळत नाही. हाक मारायची, भाकरी टाकायची, बस. मी एकदा करीला हात लावायला गेलो, तेव्हा तू खेकसलीस, "हात नगं लावूस! माणसाची चटक लागली की गेलं ते." करी म्हणजे तुमच्या कानडीत काळी. थोरली कुत्री, एक कान लांडग्यानं फाडलेला. मी विचारलं होतं, "मग तिला मायेचं कोण?" तू वाडग्याकडं हनुवटी केलीस. "ती सगळी काय मग?"

अशा कुत्र्याला घर नसतं. ते मेंढरांच्या भोवतीनं उघड्यावर पडतं. पावसात मेंढरांच्या कडेला, थंडीत मेंढरांच्या उबेला. सुगीनंतर तू कृष्णाकाठच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवायला जायचीस, तिथंही तसंच. आणि माझ्या वाक्यानं या असल्या इमानी जनावराला मोकाट ठरवलं होतं. मी कधी धनगराच्या वाडीवर एक दिवस काढला नव्हता. लिहायला एक दिवस काढला होता, तोही देवळात बसून.

भुऱ्या गेला तरी ठराव उभाच होता. करी आणि तिच्या जोडीचा पांढरा बिळ्या, दोघं राहिले होते. आबांनी निरोप धाडला: पुढच्या बाजारापर्यंत कुत्र्यांना निवारा दाखवा, नाहीतर ठरावाप्रमाणं होईल. मी आबांकडं जाऊन भांडलो. ते शांतपणे म्हणाले, "आरं पोरा, वाक्य तुझंच हाय की." मी तिथून सरळ तुझ्याकडं आलो आणि म्हणालो, "मी बांधतो निवारा."

"तुला येतंय?"

"न यायला काय झालं?"

तू खांदे उडवलेस. आज वाटतं, तू मला मुद्दाम करू दिलंस. माझं शिकणं असंच होणार, हे तू ओळखलं होतंस.

मी काय बांधलं ते लिहिताना आजही कान गरम होतात. तुझ्या घराच्या भिंतीला लागून, उगवतीला तोंड करून, झकास छपराची खोली. आत पोतं अंथरलेलं. बाभळीच्या फळ्यांचं दार, दाराला कडी. आबा स्वतः येऊन बघून गेले, पाठीवर थाप मारली. गावातली दोन माणसं म्हणाली, "आमच्यापरीस बरं हाय की कुत्र्यांचं!" मी फुललो. संध्याकाळी मी करी आणि बिळ्याला दोरीनं ओढत आणून आत घातलं आणि कडी लावली. करीनं एकदा वाडग्याकडं बघितलं. वाडगं दोन बांध लांब होतं.

सकाळी दोन मेंढ्या नव्हत्या. कुंपणावरच्या काटेरी फांद्या एका बाजूनं दबल्या होत्या आणि पलीकडं रक्ताची रेघ टेकडीकडं गेली होती. दाराच्या फळ्यांवर आतून नखांचे ओरखडे होते, लाकूड पांढरं दिसेपर्यंत. माझ्या त्या झकास दाराच्या.

तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू कडी काढलीस. दोघं सुसाट वाडग्याकडं गेली, कुंपणाभोवती हुंगत फिरली, आणि करी त्या दबलेल्या फांद्यांपाशी जाऊन बसली ती दिवसभर उठली नाही.

"बिरू रजेवर आलता तवा सांगत हुता," तू म्हणालीस, "पलटणीत सेंट्री आस्तो. बाकीची झोपत्यात, त्यो उभा ऱ्हातो. पावसात त्याला छपार दित्यात, पन कुठं? जिथं त्याची नजर पायजे तिथं. तू आमच्या सेंट्रीला बराकीत कोंडलंस रं, लेकरा. आन् वर कडी घातलीस."

लेकरा म्हणालीस. दोन मेंढ्या गेल्यावर.

मी म्हणालो, "आक्का, मी परत बांधतो. तू सांगशील तसं." त्या दिवसापासून मी तुला अगं-तुगं करू लागलो. आपल्यात ते ठरवावं लागलं नाही.

मग पाच दिवस आपण जे केलं, त्याचा मला आजवरच्या कुठल्याही मोर्च्यापेक्षा जास्त अभिमान आहे. हे मी जाहीर सांगतो. जाहीर हा शब्द इथं शोभतो.

आधी तू जागा ठरवल्यास. वाडग्याच्या तीन कोपऱ्यांना, बाहेरून. चौथ्या कोपऱ्याला तुझी स्वतःची खोप होतीच. मी म्हणालो, दोन कुत्री आणि तीन खोपी कशाला? तू म्हणालीस, "भुऱ्याची जागा मोकळी ठिवायची न्हाई. पिल्लू येईल." मग दगड. टेकडीखालचे चपटे दगड आपण डोक्यावरून आणले. तुझी सून रखमा, तू आणि मी. भिंत कमरेच्याही खाली. कुत्रं उभं राहील एवढीच. खाली फरशीसारखे दगड वीतभर उचलून, म्हणजे पावसाचं पाणी खालून जाईल. वर तुरकाट्या, त्यावर गवत, त्यावर माती. वाऱ्याकडं पाठ. बाहेर पडायला दोन तोंडं, एक इकडं, एक तिकडं. "एकच तोंड आसलं की लांडगा वाट अडवून बसतो," असं तू म्हणालीस. आणि दार नाही.

पण खरी तुझी करामत वेगळीच होती. खोपीची एक भिंत म्हणजे वाडग्याचंच कुंपण. त्या भिंतीत तू जमिनीलगत एक दगड काढून भोक ठेवायला लावलंस. मला कळेना. तू गुडघ्यावर बसलीस, मग पोटावर, आणि पदर सावरत सगळी आत सरकलीस. नुसते पाय बाहेर. रखमा तोंडाला पदर लावून हसत होती. आतून तुझा आवाज आला, "भोक वर झालं. कोकरं दिसत न्हाईत. खाली घे." दगड काढला, खाली घेतला. परत तू आत. "आता दिसत्यात." असं तिन्ही खोपींत. केस पांढरे झालेली बाई, तीनदा, लेंड्यांत.

मग बाहेर येऊन मला म्हणालीस, "पत्रकवाल्या, आडवा हो."

"मी कशाला?"

"निवारा काय आस्तो ते तू लिवलंस न्हवं? आता बघ तरी."

मी आत सरकलो. खाली दगड थंडगार, वर मातीचा वास. दोन्ही तोंडांतून माळ दिसत होता, पार टेकडीपर्यंत. आणि त्या भोकाला गाल लागला तसा पलीकडून एका मेंढीनं नाक आणलं आणि फुर्र करून श्वास सोडला. गरम, गवताचा वास असलेला. माझ्या गालावर. मी तसाच पडून राहिलो. मला तेव्हा काय झालं ते मी तुला सांगितलं नाही, कारण तू थट्टा केली असतीस. आज सांगतो. मला कळलं की आपण काय तोडलं होतं. त्या दारानं हा श्वास तोडला होता.

बाहेर आलो तेव्हा माझ्या तोंडाकडं बघून तू नुसती म्हणालीस, "हं. आता कळलं ह्याला."

करी त्याच दिवशी तिसरा प्रहर व्हायच्या आत, कुणी न सांगता, दबलेल्या फांद्यांच्या बाजूच्या खोपीत जाऊन बसली. नाक भोकाला. बिळ्या दुसरीत. आपण तिघं लांब उभे राहून बघत होतो. रखमा म्हणाली, "सासूबाई, बराक न्हाई ही. चौकी हाय." तू सुनेकडं बघून असं हसलीस की मला वाटलं, बिरू असता तर किती बरं झालं असतं.

बाजाराच्या दिवशी कमिटी आली. आबा पुढं, मागं चौघं. हातात वही, कारण आता कुत्र्यांची नोंद ठेवायची होती: निवारा कुठं, धनी कोण. आबांनी खोपी बघितल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काशव्वा, त्या पोरानं चांगली खोली बांधली हुती की. ही काय दगडाची बिळं? घरापासनं लांब. दार कुठाय?"

"आबा, तुमच्या तुरीच्या राखणीला तुमी गडी ठेवता, त्याला मळ्यात ठेवता का घरात कोंडता?"

"त्यो मानूस हाय."

"तेच म्हंते मी. मानूस झोपतो तरी."

मागचे दोघं हसले. आबा चिडले. ते जवळ जायला गेले तशी करी खोपीतून अर्धी बाहेर आली आणि गुरगुरली. मोठ्यानं नाही. पोटातून. आबा जागच्या जागी थांबले. उन्हात. घाम पुसत. तू हूं की चूं केलं नाहीस. करीला हाक मारली असतीस तर ती गप्प झाली असती, पण तू ओढ्याकडं बघत उभी होतीस, जणू काही चाललंच नाही. तासभर नसेल कदाचित. आबांना विचारलं तर पाव घटका सांगतील. मला तो तासभर वाटला आणि मी तासभरच लिहिणार.

शेवटी आबा म्हणाले, "बरं बरं. निवारा हाय, मान्य. धनी कोण लिवू?"

तू म्हणालीस, "मेंढरं."

"चेष्टा नगं."

"चेष्टा न्हाई. ही कुत्री माजी न्हाईत. मी भाकरी घालते एवढंच. ती मेंढरांची हायत. मी मेले तरी मेंढरांची. ल्ह्या, मेंढरं."

आबांनी वही मिटायला सुरुवात केली. ठराव तसाच राहणार, करी आणि बिळ्या मोकाट ठरणार, हे मला दिसलं. मी वही ओढून घेतली आणि लिहिलं: 'धनी: काशव्वा.' आबांनी खाली सही केली. सगळे गेले. मी तुझ्याकडं वळलो तो शाबासकी मिळेल म्हणून.

"तू परत खोटं लिवलंस," तू म्हणालीस.

मी भांडलो. मी म्हणालो, कागदाला माणूस लागतो. कायद्याला मेंढी चालत नाही. मी कुत्री वाचवली. तू म्हणालीस, "वाचवलीस, व्हय. पन खोटं लिवून वाचवलीस. मी मेल्यावर काय? धनी मेला, कुत्री मोकाट. तुझं तेच वाक्य परत." मी म्हणालो, "तू एवढ्यात मरत नाहीस." तू म्हणालीस, "ते तू कागदावर लिवून दे."

हे भांडण आपण दोन वर्षं पुरवून पुरवून भांडलो. चहा पिताना, दगड रचताना, शेजारच्या वाडीवर दुसऱ्यांच्या खोपी बांधताना. हो, तुझं बघून चार वाड्यांवर तशा खोपी झाल्या. प्रत्येक ठिकाणी तू आत पालथी पडून बघितलंस, आणि प्रत्येक ठिकाणी त्या घरच्या माणसालाही पालथं पाडलंस. मी प्रत्येक वेळी म्हणायचो, धनी माणूसच असतो. तू म्हणायचीस, "बघू." मला तुझ्या 'बघू'चा राग यायचा. वाद करणाऱ्यानं मुद्दा मांडावा! बघू काय?

आणखी एक गोष्ट राहिली. बिरूचं उत्तर आलं होतं त्या पत्राला. मी वाचून दाखवलं. शेवटी त्यानं लिहिलं होतं, 'आई, ज्यानं स्वतःचं नाव स्वतः लिवलं तो मानूस बरा दिसतो.' मी थांबलो, तुझ्याकडं बघितलं. तू तांदूळ निवडत होतीस. तू म्हणालीस, "पुढं वाच." पुढं काही नव्हतं, आक्का. पत्र तिथंच संपलं होतं. मी तसं सांगितलं. तू म्हणालीस, "बरं." आणि तांदूळ निवडत राहिलीस.

भुऱ्याबद्दल तू मला माफ केलंस का? तू कधी बोलली नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. पण त्या दिवशी ताटात तू मला भाताचा पहिला घास वाढलास, बिरूच्या पाटावर बसवून. मी तेवढ्यावर समाधान मानतो. मला मानावं लागतं.

आता कालचं सांगतो. बसलेल्या माणसांतून मी उठून बाहेर आलो ते मघाशी सांगितलं. बाहेर आबा उभे होते, वही घेऊन. म्हातारा तुझ्या मातीला रडला होता, हे मी पाहिलंय, म्हणून मी थांबलो. ते म्हणाले, "पोरा, वाईट वाटून घेऊ नगंस. पन वहीत धनी काशव्वा हाय. काशव्वा गेली. आता कमिटीत कुनीतरी इचारणार." आणि हळूच म्हणाले, "कुत्री उपाशी बसली आसतील न्हवं? धनी गेला की जनावर खात न्हाई. माजा बैल तसाच गेला."

तू दोन वर्षांपूर्वी बोललेलं, अक्षर न् अक्षर समोर उभं राहिलं. आणि खरं सांगू? माझ्याही मनात तेच होतं. करी तुझ्या मातीपाशी जाऊन बसली असेल, असं मला वाटत होतं. मनातल्या मनात मी त्यावर एक वाक्यही जुळवलं होतं. लाज वाटते.

मी आबांना आणि रखमाला घेऊन वाडग्याकडं गेलो. मातीपाशी कुत्रं नव्हतं. अंगणात नव्हतं. तुझ्या मोकळ्या खोपीपाशीही नव्हतं. मेंढरं वाडग्यात रवंथ करत होती. करी तिच्या कोपऱ्यात, नाक भोकाला. बिळ्या त्याच्या. तिसऱ्या खोपीत भुऱ्याच्या जागेवर आलेलं पिल्लू, पाय पसरून. सकाळच्या भाकरीचा तुकडाही उरलेला नव्हता. तिघांनी पोटभर खाल्लं होतं. तुझ्यासाठी कुणी उपास धरला नव्हता, आक्का. कुणी पहारा सोडला नव्हता.

आबांनी लांबूनच तिन्ही खोपी बघितल्या. मग रखमाला म्हणाले, "तुजं नाव घालतो मग, पोरी. बिरूची बायकू म्हणून."

रखमा आबांपुढं कधी बोलत नाही. काल बोलली. "माजं नगं. सासूबाई सांगून गेल्यात ते घाला."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी वही घेतली. 'काशव्वा' या नावावर आडवी रेघ मारताना हात थोडा थांबला. तेवढं मला माफ कर. मग लिहिलं: 'धनी: मेंढरं.' आबांनी सही केली, वही मिटली आणि म्हणाले, "कुनाला दावू नगंस हां. हसतील." मी म्हणालो, "मी छापणार आहे." ते म्हणाले, "तुजं मला ठाऊकच हाय."

आणि खरंच छापणार आहे. त्याच पिवळ्या कागदावर. ते जुनं वाक्य वर घालून, त्यावर आडवी रेघ मारून, खाली नवं.

ते दोघं गेल्यावर मी थोडा वेळ थांबलो. तू नव्हतीस, आणि मला काहीतरी धरायला हवं होतं. मी करीच्या खोपीकडं गेलो. तिला हात लावावा असं वाटलं. दोन वर्षं माझ्या हातची भाकरी खाल्लेली कुत्री. मला वाटलं, आज तरी चालेल.

ती उठली. त्या तोंडातून अर्धी बाहेर आली, मेंढरांच्या आणि माझ्या मधे उभी राहिली आणि गुरगुरली. मोठ्यानं नाही. पोटातून.

आक्का, माझ्या पाठीवर तुझा हात पडल्यासारखं वाटलं. मी हात मागं घेतला, आणि करीच्या धन्यांना, त्या मेंढरांना, रामराम करून निघालो.